गावाला निघालात? कावीळ तिकडेच ठेवून या!

गणपतीत गाव गाठायचं म्हटलं की आपली बॅग भरते ती चार्जर, सनस्क्रीन आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी. लसीचा विचार कोण करतं? करायला हवा. निदान माझ्या एका मित्राने तरी.

हा मित्र मूळचा बीड तालुक्यातल्या लिंबागणेशचा. भालचंद्र गणपतीचं गाव. पण जन्म, शाळा, नोकरी सगळं पुण्यात. काही वर्षांपासून तो एचआयव्हीसह जगतोय. रोज गोळी, न चुकता. तब्येत ठणठणीत. गावात हे कोणालाच माहीत नाही. त्याची काळजी वेगळीच : टँकरचं साठवलेलं पाणी, बर्फाचा गोळा आणि त्यातून येणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए.

ही कावीळ कायमची मुक्कामाला राहत नाही, बहुतेक जण बरे होतात. पण मोठ्या वयात ती जास्त पिळते. शिवाय एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात हा व्हायरस जास्त दिवस रेंगाळतो, असं संशोधन सांगतं.

आता गंमत बघा. पुण्याच्या एनआयव्हीच्या विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातला या काविळीचा बदलता नकाशा मांडला. खेड्यात हा व्हायरस बहुतेकांना लहानपणीच भेटून गेलेला. शहरातल्या सुखवस्तू घरांत मात्र त्याची गाठ पडणं कमी होत गेलेलं. एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही. म्हणजे गावात वाढलेला चुलतभाऊ बहुधा सेफ, आणि फिल्टरचं पाणी प्यायलेला आपला हीरो उघडा!

म्हणून आधी रक्ताची अँटिबॉडी टेस्ट. निगेटिव्ह आली तर लस. अमेरिकेच्या सीडीसीने २०२० मध्ये एचआयव्ही असलेल्या, एक वर्षावरच्या सगळ्यांनाच ती द्यायला सांगितलं. पण लस कुठली, हे महत्त्वाचं. आपल्याकडे जिवंत, कमजोर केलेल्या व्हायरसची एक डोसवाली लसही मिळते. ती यांच्यासाठी नव्हे. यांना हवी निष्क्रिय व्हायरसची : दोन डोस, मध्ये किमान सहा महिने. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने २०२४ मध्ये अशी देशी लस आणली, हॅविशुअर. सीडी४ कमी असेल तर लस नीट लागू होत नाही, म्हणून दुसऱ्या डोसनंतर महिन्याने पुन्हा टेस्ट.

घोडं पेंड खातं ते पुढे. योग्य लस हवी तर डॉक्टरांना स्टेटस सांगावं लागतं. मित्र नेमका तिथेच अडला होता. त्याला मी कायदा सांगितला. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. आणि हा विषय बीडला नवा थोडाच आहे? जिल्ह्यातल्याच पालीत दत्ता बारगजे यांची इन्फंट इंडिया एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळतेय.

आणि समजा, गावात डोळे पिवळे झालेच, तर कोणी तरी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेईल, 'तोवर बाकीच्या गोळ्या बंद' असंही सांगेल. ऐकायचं नाही. एआरटीच्या गोळ्यांचं काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. तेव्हा मंडळी, एसटीचं रिझर्व्हेशन महिनाभर आधी करता ना? टेस्टही तेव्हाच करून टाका.