गिअरबॉक्स उघडण्याआधी

तुमच्या दारात जुनी जिप्सी किंवा महिंद्राची जीप असेल, तर तिचा आवाज घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. वेगळा आवाज आला की लगेच कळतं. तो कुठून येतो, ते मात्र कळत नाही. एक जण म्हणतो क्राउन-पिनियन गेलं, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स. मग गिअरबॉक्स उतरतो. गाडी गॅरेजात पडून राहते, शेतातला माल अडतो. आणि पैसे मोजून घरी आणलेली गाडी पहिल्याच वळणावर तोच आवाज काढते.

म्हणून सांगतो, काहीही उघडायला होकार देण्याआधी दुखणं कुठे आहे ते स्वतः तपासा. त्यातलं बरंचसं तुम्हाला फुकटात जमेल.

आधी एवढं आठवा: गाडीला शेवटचा हात कशासाठी लागला होता? टायर बदलले? क्लच प्लेट टाकली? ओढ्यातून गाडी काढली? आवाज त्यानंतर सुरू झाला असेल, तर शोधही तिथूनच सुरू करा. प्रोपेलर शाफ्टचंच बघा. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात आणि मध्ये सरकणारा जोड असतो. तो जोड खोलून परत बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले, तर दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत. सगळे भाग चांगले असूनही गाडी थरथरते. शाफ्ट काढण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना खूण करायला मिस्त्रींना आवर्जून सांगा.

आता आवाज ऐका. मोकळा, सपाट रस्ता निवडा. घाटात हे करू नका. शेजारी कुणाला तरी बसवा. तुम्ही चालवा, त्यांना ऐकू द्या.

गाडी उभी असताना नुसतं इंजिन वाढवल्यावर आवाज येत असेल, तर मागे शोधू नका. दुखणं इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात आहे. गिअर कुठलाही असो, आवाज फक्त गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर शाफ्ट, डिफरन्शियल, चाकाचं बेअरिंग किंवा टायर यांपैकी काहीतरी आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रडका सूर येतो आणि पाय काढला की बदलतो, तर क्राउन-पिनियनवर संशय घ्या. वळणावर घरघर वाढते किंवा थांबते, तर बेअरिंग बघा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा वाढली तर डावं बेअरिंग. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘खट्’ होत असेल, तर कुठेतरी खेळ आहे. तो बहुधा क्रॉसमध्येच असतो, आणि क्रॉस हा यातला स्वस्त भाग आहे.

आता फोर व्हीलबद्दल. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

समजा, जिप्सी चिखलात रुतली आहे. फोर व्हीलचा दांडा टाकला, दिवाही लागला, पण पुढची चाकं ढिम्म. लोक लगेच म्हणतात, ट्रान्सफर केस गेली. आधी खाली उतरा. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध फिरवायची चकती असते. तिला दोन जागा असतात, फ्री आणि लॉक. एक जरी फ्रीवर राहिली, तरी डिफरन्शियल सगळा जोर तिकडच्या मोकळ्या एक्सल शाफ्टलाच देतं आणि पुढचं एकही चाक ओढत नाही. चकती मध्येच अडकली असेल तरीही हेच होतं. दोन्ही चकत्या शेवटपर्यंत फिरवून बघा.

याच चकत्या आवाज शोधायलाही कामाला येतात. गाडी टू व्हीलमध्येच ठेवा. एकदा दोन्ही चकत्या फ्री करून चालवा, एकदा दोन्ही लॉक करून. लॉक असतानाच आवाज येत असेल, तर दुखणं पुढच्या एक्सलमध्ये किंवा पुढच्या शाफ्टमध्ये आहे. अर्धा शोध तिथेच संपला. चकत्या नसलेल्या जीपमध्ये ही सोय नाही. तिथे मिस्त्रींकडून पुढचा शाफ्ट काढून घेऊन टू व्हीलमध्ये चालवून बघा.

दुसरी तक्रार अशी असते: डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी धक्के देते, दांडा निघत नाही. या गाड्यांच्या फोर व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरता येत नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो आतच साठतो. दांड्याशी मारामारी करू नका. मागे कुणी नाही हे बघून गाडी सरळ थोडी रिव्हर्स घ्या, मग दांडा ओढा. आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हील वापरू नका.

सरळ रस्त्यावरही हेच होत असेल, तर टायर मोजा. पुढे नवे आणि मागे झिजलेले, असं जुन्या गाड्यांत फार दिसतं. चारही टायरची हवा बरोबर भरा. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, आणि टेपने अंतर मोजा. दोन मीटरच्या फेऱ्यात दोन सेंटिमीटरचा फरक निघाला, तर किलोमीटरला दहा मीटरचा फरक पडतो. तो सगळा ताण फोर व्हीलमध्ये गिअरना सोसावा लागतो.

गाडीखाली जाणार असाल तर हे नीट वाचा. विलीजच्या धर्तीवरच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. अशा जीपचं मागचं एक चाक जॅकने उचललं, की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते, कारण उचललेलं चाक उलटं फिरून दुसऱ्याला वाट करून देतं. मागचा शाफ्ट काढला तर हँडब्रेक उरतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, मुलांना तर फिरकूही देऊ नका. शाफ्टचा खेळ बघायला गाडी उचलावीच लागत नाही. सपाट जागा, चारही चाकांना दगड, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मग शाफ्ट हाताने पिळून बघा.

शेवटी ऑइल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल, चारही ठिकाणचं बघा. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा आणि मगच खालचा काढा, नाहीतर ऑइल सांडेल आणि नवं भरता येणार नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर हे बघायलाच हवं. बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर मात्र गाडी चालवू नका. ते तुकडे कागदात बांधून मिस्त्रींना दाखवा.

गॅरेजात जाताना ‘आवाज येतो, बघा’ एवढंच सांगू नका. किती वेगाला येतो, पाय काढल्यावर काय होतं, चकत्या फ्री असताना येतो का, हे कागदावर लिहून द्या. मिस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारा. त्यांचंही काम सोपं होतं. कुठलाही भाग बदलला तर जुना परत मागून घ्या, आणि शाफ्ट उघडला असेल तर दोन-तीन दिवसांनी त्याचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.