खुर्ची दिली, खाते कोणते दिले?



गोंदिया हा धानाचा जिल्हा. हा अंक वाचणारे आपण बहुतेक कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. धानाचे रोवणे बाई करते, कापसाची वेचणी बाई करते आणि चुकारा मात्र पुरुषाच्या हातात पडतो. घरातली ही रीत मंत्रालयातही चालते काय, हे आज तपासू.

या गोंदियाने १९८० आणि १९८५ साली राजकुमारी बाजपेयी यांना विधानसभेत धाडले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे बाईला मत द्यायला आमचा मतदार मागे नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. निवडून आलेल्या बाईच्या हाती सरकार काय देते?

प्रतिभाताई पाटील यांचे उदाहरण घ्या. जळगावची लेक, अमरावतीची सून; माहेर आणि सासर दोन्ही कापसाच्या मुलखात. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून आमदार झाल्या. पुढे १९६७ पासून एदलाबादहून लागोपाठ चार वेळा. एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत. १९६७ ला उपमंत्री, १९७२ ला कॅबिनेट मंत्री. पुलोद सरकारच्या काळात १९७९ ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. १९८२ ते ८५ पुन्हा मंत्री. मग राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल आणि २००७ ते २०१२ देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. एवढी मजल महाराष्ट्राच्या किती पुरुषांनी मारली?

आता त्यांची खाती मोजा. समाजकल्याण, आरोग्य, दारूबंदी, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, नगरविकास, गृहनिर्माण, नागरी पुरवठा. ही कामे हलकी आहेत असे आम्ही म्हणत नाही. गावात दवाखाना आणि शाळा लागतेच. पण या यादीत अर्थ नाही, महसूल नाही, शेती नाही, पाटबंधारे नाही, सहकार नाही. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली, तेव्हा कापसाच्या मुलखातली ही बाई मंत्रिमंडळात होती. खाते मिळाले समाजकल्याणाचे. कापूसवाल्याची बंडी केंद्रावर अडली, चुकारा रखडला, तर तो प्रश्न दुसऱ्याच्या टेबलावर.

अपवाद आहेत. अंतुले मंत्रिमंडळात शालिनीताई पाटील महसूलमंत्री होत्या. २०१४ साली पंकजाताई मुंडे यांच्याकडे ग्रामविकासाबरोबर जलसंधारण आले. कोरडवाहू शेतकऱ्याला यापेक्षा जवळचे खाते नाही. २०१६ च्या फेरबदलात तेच त्यांच्याकडून काढून घेतले. महिला व बालकल्याण मात्र राहिले.

कोणी म्हणेल, बाई अर्थमंत्री झाली म्हणून कापसाला भाव मिळेल काय? नाही मिळणार. बाई असो की बुवा, धोरण चुकले की शेतकरी बुडणारच. पण ज्या बाईने उन्हात निंदण केले, वेचणी केली, तिला एका क्विंटलमागे किती हात राबतात ते माहीत असते. भाव ठरतो त्या बैठकीत तो हिशेब मांडणारे कोणी नसेल तर तो हिशेब धरलाच जात नाही. आपला उत्पादनखर्च कागदावर नेहमी कमी का दिसतो, याचे एक कारण घरच्या बाईची मजुरी कोणी पुरेशी मोजत नाही, हे आहे.

२०२३ साली संसदेने घटनादुरुस्ती करून विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर त्या लागू व्हायच्या. उद्या गोंदियातून, यवतमाळातून बायका निवडून जातील. तेव्हा हारतुरे घालून थांबू नका. प्रत्येक पक्षाला विचारा, यातल्या किती जणींना अर्थ, शेती, पाणी, महसूल द्याल?

आणि हे विचारण्याआधी आपले घर पाहू. ग्रामपंचायतीत बाई सरपंच आणि सह्यांपुरते रजिस्टर घरी, कारभार नवऱ्याचा. हे आपल्याच गावात चालते. लेकीला बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला. किती लेकींची नावे लागली? लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढते. किती जणांनी तलाठ्याकडे अर्ज दिला?

मंत्रालयाने बाईला खुर्ची दिली आणि तिजोरीची किल्ली ठेवून घेतली, म्हणून आपण ओरडतो. आपल्या घरची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा सोबत आणावा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते सगळ्यांसमोर वाचू. तिथून सुरुवात करू.