लहान संगणकालाही ताप येतो

लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहायला हवे. त्याची नोंद ठेवायला आता रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक पुरतो. पण त्याच्या स्वतःच्या तापाचे काय? प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास गेला की तो आपला वेग कमी करतो, आणि मे महिन्यात बंद प्लॅस्टिकच्या डबीत उष्णता साचतच जाते. पंख्याची पेटी गार ठेवते खरी. पण पंखा धूळ ओढतो, घरघरतो आणि एक दिवस न सांगता बंद पडतो. (वॉर्डातल्या पंख्यांवरून हे आम्हाला वेगळे सांगायला नको!) नुसत्या नोंदीच्या हलक्या कामाला बिनपंख्याची, थर्मल पॅडने प्रोसेसरला टेकणारी अ‍ॅल्युमिनियमची पेटीच घ्यावी. ती हाताला गरम लागली तर घाबरू नये. उष्णता बाहेर पडते आहे. धातूमुळे वायफाय मात्र क्षीण होऊ शकते, तेव्हा केबल जोडावी.