पसरणीचा घाट

पुण्याहून पहाटे सातजण निघालो. सातांत पुढे अर्थातच मी! कात्रज आणि खंबाटकी तोऱ्यात चढलो. वाईला ढोल्या गणपतीला हात जोडले, पिठलं-भाकरीवर ताव मारला आणि पसरणीचा घाट लागला. पाचगणी अवघी बारा-तेरा किलोमीटर. पण तेवढ्यात चढ जवळजवळ ६०० मीटरांचा! अर्ध्यावर पोटऱ्यांत गोळे आले आणि मी निमूटपणे सायकल ढकलू लागलो.

सकाळपासून ज्यांची मी थट्टा केली, ते साठीचे नाना एका लयीत पायडल मारीत आले आणि शेजारी उतरले.

“मलाही जरा चालायचंच होतं,” ते म्हणाले.

साफ खोटं! पण वाचकहो, त्या खोट्याच्या आधारानेच मी त्या संध्याकाळी पाचगणी गाठली.