शोधाची कळ

घरांत हरवलेली किल्ली शोधण्यांत किती वेळ जातो, हें वडील मंडळींस सांगावयास नको. आमच्या संगणकवर्गांतील विद्यार्थ्यांचाहि बराच वेळ असाच जातो. मात्र ते शोधतात तो आपणच लिहिलेल्या प्रोग्राममधील एखादा शब्द. प्रोग्राम ज्या साधनांत लिहितात त्यास एडिटर म्हणतात. प्रोग्राम शेंकडों ओळींचा झाला म्हणजे आरंभीं एखाद्या संख्येस दिलेलें नांव पुढें कोठें कोठें आलें आहे, हें पाहिल्यावांचून त्यांतील एक अक्षरहि बदलणें धोक्याचें असतें. तेव्हां लिहिण्याच्या खालोखाल शोधणें हेंच तेथील मुख्य काम होय. या शोधाची सोय कशी असावी याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. आरंभापासून शेवटापर्यंत शोध कळफलकावरून करतां आला पाहिजे, आणि तो सोडून देतांच मनुष्य जेथें होता तेथें परत पोंचला पाहिजे.

कोणी म्हणेल, हाताशीं माऊस असतां हा हट्ट कां? लिहितांना दोन्ही हात कळांवर असतात. शोधासाठीं उजवा हात उचलावा, माऊस धरावा, पडद्याच्या कोपऱ्यांतील बारीक चौकटीवर बाण नेऊन ठेवावा, पुन्हां हात कळांवर आणून शब्द लिहावा, आणि पुढच्या ठिकाणीं जाण्यास पुन्हां माऊस धरावा! इतक्यांत मनांत जुळलेला विचार विसकटून जातो. ही झाली डोळसांची गोष्ट. अंधास तर त्या बाणाचा कांहींच उपयोग नाहीं. तो पडदा कानांनीं वाचतो. एन्‌व्हीडीए नांवाचा विनामूल्य पडदावाचक २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन यांनीं लिहावयास घेतला. ते स्वतः अंध आहेत. म्हणजे अंध मनुष्य उत्तम प्रोग्राम लिहूं शकतो कीं नाहीं, ही शंका आतां कोणी काढूं नये. प्रश्न आहे तो एडिटर रचणारांच्या दक्षतेचा. ज्या बटणापर्यंत कळेनें पोंचतां येत नाहीं, तें बटण अंधापुरतें अस्तित्वांतच नसतें.

पूर्वीच्या मंडळींस ही अडचण नव्हती, कारण त्यांच्यापाशीं माऊसच नव्हता. १९७६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बिल जॉय यांनीं ‘व्हीआय’ हा एडिटर तयार केला. त्यांत तिरप्या रेघेची कळ दाबावी, शब्द लिहावा, एंटर दाबावें; पुढील ठिकाण हवें तर ‘एन्’, मागील हवें तर मोठा ‘एन्’. इतकाच सारा विधि! ‘ईमॅक्स’ या दुसऱ्या एडिटरांत शब्द पुरा होण्याचीहि वाट पाहावी लागत नाहीं; एकेक अक्षर लिहावें तसतसा कर्सर जुळणाऱ्या ठिकाणीं सरकत जातो. पण आम्हांस सर्वांत मोहक वाटते ती जेफ रास्किन यांची युक्ति. त्यांच्या ‘कॅनन कॅट’ या १९८७ सालच्या यंत्रांत स्पेसबारच्या खालीं दोन खास कळा होत्या, एक पुढें शोधण्याची व एक मागें शोधण्याची. अंगठ्यानें ती कळ दाबून धरावी आणि इतर बोटांनीं शब्द लिहावा. अंगठा उचलला कीं शोध संपला. यंत्र बाजारांत टिकलें नाहीं, याचें आम्हांस खरोखर वाईट वाटतें.

आज पुष्कळ विद्यार्थी २०१५ सालीं निघालेला ‘व्हीएस कोड’ वापरतात. त्यांत कंट्रोल व ‘एफ्’ या कळांनीं शोधाची चौकट उघडते; लहानमोठ्या अक्षरांचा भेद करावा कीं नाहीं, अखंड शब्दच शोधावा कीं नाहीं, हेंहि कळांनींच ठरवितां येतें. येथपर्यंत उत्तम. परंतु एस्केप दाबून चौकट मिटावी, तों कर्सर सांपडलेल्या ठिकाणींच राहतो! मुलगा ओळ ४० वर लिहीत होता, आणि आतां उभा आहे ओळ ९०० वर. परत जाण्यास निराळी कळ आहे; पण ती ठाऊक असेल तर. ईमॅक्समध्यें एंटर दाबलें तर तेथेंच राहावें, आणि कंट्रोल व ‘जी’ दाबलें तर मूळ जागीं परतावें, असा दुहेरी मार्ग आहे. तोच आम्हांस रास्त वाटतो.

प्रोग्रामचा शेवट आला म्हणजे काय करावें, याचाहि विचार पाहिजे. कित्येक एडिटर गुपचूप आरंभापासून पुन्हां शोधूं लागतात. डोळसास तें एखादे वेळीं दिसतें. अंध विद्यार्थी मात्र त्याच पांच ठिकाणांभोंवतीं घाण्याच्या बैलासारखा फिरत राहील. ईमॅक्स शेवटास एकदां थांबतो, पुढें कांहीं नाहीं असें सांगतो, आणि कळ पुन्हां दाबली तरच वरून आरंभ करतो.

आपल्या भाषेचीहि एक अडचण आहे. इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या देवनागरी कळफलकावर तिरप्या रेघेच्या जागीं ‘य’ येतो. म्हणून मराठी मजकूर लिहितां लिहितां व्हीआयमध्यें शोध घेऊं गेल्यास शोध सुरू होत नाहीं; आधीं लिपि बदलावी लागते. शिवाय ‘दऱ्या’ हा शब्द संगणकांत दोन प्रकारांनीं सांठविला जातो. दिसावयास दोन्ही सारखेच, परंतु एका प्रकारें लिहून शोधल्यास दुसरा सांपडेलच असें नाहीं. हें ओझें लिहिणारावर नव्हे, एडिटरवर असावें.

वरच्या वर्गांतील जे विद्यार्थी स्वतःचा लहानसा एडिटर रचीत आहेत, त्यांस आमची एक विनंति आहे. काम पुरें झालें असें वाटलें म्हणजे माऊसची तार काढून ठेवावी, पडदा बंद करावा, पडदावाचक सुरू करावा, आणि आपल्याच प्रोग्राममधील एक शब्द शोधून, शोध सोडून, मूळ ओळीवर परत येऊन दाखवावें. पालकांनींहि तेव्हां शेजारीं बसून किती वेळ लागतो तें घड्याळांत पाहावें.