एकेरीचा करंडक

पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात 'महाराष्ट्र ओपन' ही टेनिस स्पर्धा पाच वेळा झाली. २०१९ आणि २०२२ साली रोहन बोपण्णाने जोडीदारासह दुहेरीचे विजेतेपद मिळवले. एकेरीचा करंडक मात्र दर वेळी परदेशी खेळाडूच घेऊन गेला. असे का? आपली मुले कमी पडतात, हे मला पटत नाही. क्रिकेटला गल्ली पुरते. टेनिसला कोर्ट लागते आणि ते बहुधा क्लबच्या फाटकाआड असते! एकेरीत तर जोडीदारही नसतो. लहानपणापासूनचा सरावच उपयोगी पडतो. आपली नवी मुंबई सिडकोने आखून वसवली. मग वाशी, नेरूळ, बेलापूर अशा प्रत्येक विभागात शाळकरी मुलांसाठी एक तरी मोफत कोर्ट हवे. तिथे सभासदत्व विचारू नये.