शेवटचे चार किलोमीटर

वाचकहो, या सदरांत दुसऱ्यांच्या चुकांची चर्चा पुष्कळ झाली. आज एक माझी सांगतों.

गेल्या वर्षीं आमच्या सूनबाईंनीं साताऱ्याच्या डोंगरी अर्ध-मॅरेथॉनमध्यें नांव घातलें. २०१२ सालीं सुरू झालेल्या या शर्यतींत यवतेश्वराचा घाट चढून पुन्हां उतरावा लागतो. अंतर सुमारें २१.१ किलोमीटर. मी पेशानें शिक्षक. परीक्षेपूर्वीं सारा धडा एकदां म्हणून दाखवावा, हा माझा दंडक. तेव्हां "एकवीस किलोमीटर एकदां पुरे धांवून पाहा, म्हणजे मनांत भय उरणार नाहीं," असा मीं आग्रह धरिला. माझ्या शब्दाखातर त्यांनीं अकरावरून एकदम एकवीसवर उडी घेतली. नडगी दुखावली आणि शर्यत हुकली. त्यांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं; तेंच मला अधिक लागलें.

धांवणें म्हणजे पाठांतर नव्हे. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांच्या सरावानें तयार होतात. हाडें व कंडरा यांना मात्र महिने लागतात. दम पुरला म्हणून पाय पुरतीलच असें नाहीं.

ज्यास सात-आठ किलोमीटर न थांबतां धांवतां येतात, त्यानें बारा आठवडे हातीं ठेवावे. आठवड्यांतून तीन-चार दिवस धांवावें. त्यांत लांब पल्ल्याचा दिवस एकच. तो पल्ला दर आठवड्यास एक-दीड किलोमीटरनें वाढवावा व दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी करावा. वेग असा असावा, कीं सोबत्याशीं पुरीं वाक्यें बोलतां यावींत. सोळा ते अठरा किलोमीटरचा सर्वांत मोठा पल्ला शर्यतीपूर्वीं दोन-तीन आठवडे उरकावा. पुढें अंतर उतरतें ठेवावें. घाटाची शर्यत असेल, तर चढ-उताराचाहि सराव हवा. छातींत दुखूं लागल्यास किंवा भोंवळ आल्यास मात्र तत्काळ थांबून डॉक्टरांस दाखवावें.

मग उरलेले तीन-चार किलोमीटर येतात कोठून? ते साऱ्या आठवड्यांच्या एकत्रित सरावांतून, विश्रांति मिळालेल्या पायांतून आणि भोंवतालच्या सोबत्यांच्या उत्साहांतून येतात.

यंदा सूनबाई सतरा किलोमीटरांपुढें गेल्या नाहींत. रविवारीं पहाटे त्या बाहेर पडत, तेव्हां घरचा चहा व मुलांची न्याहारी माझ्याकडे असे. शर्यतीनंतर मीं विचारलें, "शेवटचे चार कसे गेले?"

"कष्टानें, मामंजी, पण पाय दुखला नाहीं."

घरांत कोणी धांवूं लागलें, तर वडील मंडळींनीं त्यास आठवड्यांतील एक सकाळ मोकळी करून द्यावी. अंतराचा आग्रह मात्र धरूं नये.